खांद्यावरची मुलगी

जुळ्यांवर डॉक्युमेंटरी करतेय असं सांगितलं की समोरचा माणूस आधी साड्यांवर येतो. दोघींना एकसारख्या साड्या नेसव, आरशासमोर उभं कर, एक दारातून आत येताना दाखव आणि लगेच तीच खिडकीत बसलेली दाखव, लोक बघत राहतील. हे सुचवणाऱ्यांत माझ्याबरोबर काम करणारा कॅमेरामनही होता. त्यांचं चूक आहे असं मी म्हणणार नाही. सारखा चेहरा नजर धरून ठेवतोच. पण फिल्म वीस मिनिटांची असेल तर तो दोन-तीन मिनिटांत बघून होतो. पुढे काय? माझं सगळं नियोजन या प्रश्नाभोवती चाललं आहे. शूटिंग अजून व्हायचंय. आतापर्यंत काय ठरलं, काय सोडून दिलं आणि कशामुळे सगळा आराखडा बदलला, ते लिहून ठेवते आहे. जुळ्या भावंडांवर काही करू पाहणाऱ्या कुणाच्या उपयोगी पडलं तर आनंदच आहे.

मी साउंड रेकॉर्डिस्ट आहे. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या फिल्मसाठी आवाज रेकॉर्ड केले, ही पहिली स्वतःची. त्यामुळे या दोन बहिणींपर्यंत मी पोचले तीही आवाजातून. एका सहकाऱ्याच्या या मावश्या, साठीला टेकलेल्या. पहिल्यांदा फोनवर बोलत होते तेव्हा हळदीकुंकवाच्या निमित्ताने दोघी एका घरात होत्या, आणि बोलता बोलता फोन एकीकडून दुसरीकडे गेला होता. मला तो बदल ऐकू आला नाही. दिवसभर हेडफोन लावून माणसांचे श्वास वेगळे करणारा माझा कान, त्याला दोन माणसं एकच वाटली. त्याच क्षणी मी मनाशी पक्कं केलं की फिल्म करायची ती यांच्यावर.

आवाज हा कोणी विशेष विचारात न घेतलेला भाग आहे. २०१७ मध्ये ब्रिटनमध्ये एका पत्रकाराच्या जुळ्या भावाने एका बँकेची आवाजावरून माणूस ओळखणारी यंत्रणा चकवली होती, आणि ते दोघे एकबीज जुळेसुद्धा नव्हते. एकबीज म्हणजे एकाच फलित बीजाचे दोन भाग होऊन वाढलेले. द्विबीज म्हणजे दोन वेगळी बीजं एकाच वेळी फळलेली, म्हणजे रक्ताने साध्या भावंडांइतकीच जवळची. जगभर हजार बाळंतपणांमागे साधारण तीन-चार वेळा एकबीज जुळी होतात. या मावश्या एकबीज असाव्यात असं सगळे धरून चालतात. तपासणी करून घ्यायची का, असं एकाने विचारलं. मी नको म्हटलं. फिल्मला त्याची गरज नाही, आणि साठ वर्षं जे त्यांनी एकमेकींबद्दल गृहीत धरलं ते माझ्यासाठी प्रयोगशाळेत पाठवण्याचा मला हक्क नाही.

दोघींची नावं इथे देत नाही. एकीला लालबागच्या मावशी म्हणते, दुसरीला डोंबिवलीच्या. जन्म लालबागच्या एका चाळीतला. वडील गिरणीत, साचेखात्यात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा या पंधरा-सोळा वर्षांच्या होत्या. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात यांचे वडील. पगार बंद झाला, शिक्षण थांबलं. पुढे एकीला डोंबिवलीचं स्थळ आलं आणि ती लग्न होऊन गेली. दुसरी मिरची गल्लीत मसाल्याच्या कामाला लागली आणि तिथेच आयुष्य काढलं. आता लालबागच्या मावशी गिरणीच्या जागेवर झालेल्या कामगारांच्या इमारतीत राहतात, २२५ चौरस फुटांच्या घरात. पत्ता बदलला तरी स्वतःला त्या लालबागचीच म्हणवतात.

चेहरा एक असला तरी गळ्यावर आयुष्य उमटतं, हे मला रेकॉर्डिंग ऐकताना हळूहळू कळू लागलं. लालबागच्या मावशी वाक्य संपवण्याआधी घसा साफ करतात. मिरचीच्या खकाण्यात इतकी वर्षं काढलेल्या बाईचा तो घसा आहे. डोंबिवलीच्या मावशी थोड्या वरच्या पट्टीत, तोडून तोडून बोलतात. लोकलमध्ये मैत्रिणींशी बोलायची सवय, असं त्यांची सून म्हणते. आज मी दोघींना डोळे मिटून ओळखते.

सुरुवातीला अर्थातच खूप वाचलं. फ्रान्सिस गाल्टनने १८७५ मध्ये जुळ्यांचा इतिहास लिहून माणूस जन्माने घडतो की वाढवण्याने, हा प्रश्न त्यांच्यावर टाकला, तेव्हापासून जुळ्यांच्या मागे संशोधक आहेतच. मिनेसोटात टॉमस बुशार्ड यांनी १९७९ पासून वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांचा अभ्यास केला. केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यातलं कोडिन्ही हे गाव तर जुळ्यांचं गाव म्हणूनच प्रसिद्ध आहे. शेकडो जोड्या आहेत आणि कारण अजून कुणाला नीट सापडलेलं नाही. ‘तिकडे जा, फिल्म आपोआप होईल,’ असा सल्ला मिळाला. मला जायचं नव्हतं. शंभर जोड्या रांगेत उभ्या केल्या की एकेक माणूस दिसेनासा होतो.

या वाचनात एका गोष्टीने मला हादरवलं. १९६० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये एका दत्तक संस्थेने जुळ्या बाळांना वेगवेगळ्या घरांत दिलं, आणि पीटर न्यूबॉवर या मनोविकारतज्ज्ञाच्या गटाने त्या मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. मुलांना सांगितलंच नव्हतं की आपल्याला जुळं भावंड आहे. दत्तक घेणाऱ्या आईवडिलांनाही नाही. संशोधक घरी येत, चाचण्या घेत, मुलांची फिल्म काढत. त्या अभ्यासाची कागदपत्रं येल विद्यापीठात ठेवली आहेत आणि ती २०६५ पर्यंत बंद आहेत. फिल्म काढत, हे वाचून मी पुस्तक मिटलं. एकाच्या घरात कॅमेरा आहे, त्या कॅमेऱ्यामागच्या माणसाला दुसरा कुठे आहे हे ठाऊक आहे, आणि समोरच्या मुलाला ते माहीत नाही. माझ्या फिल्ममध्ये एकीबद्दल मला माहीत आहे आणि तिला नाही, असं काही असता कामा नये, हा नियम मी त्या दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लिहिला. त्याची परीक्षा लवकरच झाली.

शूटिंगआधीच्या गप्पा मी दोघींशी वेगवेगळ्या, त्यांच्या त्यांच्या घरी केल्या. कॅमेरा नाही, फक्त रेकॉर्डर, तोही विचारून. एकत्र बसल्या की लालबागच्या मावशी दोघींच्या वतीने बोलतात आणि डोंबिवलीच्या मान डोलावतात. वेगवेगळं बसल्याशिवाय दुसरीचं वाक्य पुरं होत नाही. दोघींनाही मी एकच प्रश्न विचारला होता: एकमेकींपासून पहिल्यांदा लांब कधी झालात? मला वाटलं होतं, लग्नाचं सांगतील. संपाचं सांगतील.

लालबागच्या मावशींनी सांगितलं ते असं. वय सहा असेल. अनंत चतुर्दशी, गिरगाव चौपाटी. बाबांनी एकीला खांद्यावर घेतलं होतं आणि दुसरीचा हात धरला होता. गर्दीचा लोंढा आला आणि हात सुटला. कुणीतरी तिला उचलून हरवलेल्या मुलांच्या मंडपात नेलं, टेबलावर उभं केलं, हातावर खडीसाखर ठेवली आणि नाव विचारलं. तिने दोन नावं सांगितली. घरात दोघींना कायम एका दमात हाक मारत, त्यामुळे नाव विचारलं की दोन्ही सांगायची सवय. लाउडस्पीकरवरून पुकारा झाला तो दोन मुली हरवल्याचा. बाबांनी तो ऐकला आणि आधी मान वर करून खांद्यावर मुलगी आहे ना ते पाहिलं. हे बाबा पुढे कितीतरी वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. ‘टेबलावरची ती मी,’ मावशी म्हणाल्या.

नंतर डोंबिवलीला गेले. तिथेही चौपाटी निघाली. तोच लोंढा, तीच दोन नावं, बाबांनी वर केलेली तीच मान. खडीसाखर नव्हती, तिथे फ्रॉक भिजलेला होता, दातांत वाळू होती आणि एका अनोळखी बाईने पदराने नाक पुसलं होतं. आणि टेबलावरची मुलगी डोंबिवलीच्या मावशी होत्या. हे सांगताना त्यांचा आवाज इतका भरून आला की मी रेकॉर्डरची पातळी कमी करायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

आईवडील आता नाहीत. थोरला भाऊ गावी, कणकवलीकडे असतो. त्यांना फोन केला. ते म्हणाले, ‘एक हरवली होती एवढं नक्की. कुठची ते आता कोण सांगणार? दोघी घरी आल्या ना, मग झालं.’

मला आधी वाटलं, हा या दोघींपुरता किस्सा आहे. मग शोधताना २००१ चा एक अभ्यास हाती लागला. मर्सिडीज शीन, सायमन केम्प आणि डेव्हिड रूबिन यांनी जुळ्यांच्या अशाच भांडणातल्या आठवणी गोळा केल्या होत्या: घटना दोघांना मान्य, पण ती माझ्या बाबतीत घडली की तुझ्या, यावर वाद. जुळ्यांमध्ये हे पुष्कळ सापडलं. साध्या भावंडांत आणि मित्रांतही सापडलं, पण कमी. कोणी खोटं बोलत नसतं. लहानपणी एकच गोष्ट शेजारी बसून इतक्या वेळा ऐकलेली असते की ऐकलेलं आणि भोगलेलं यातली भिंत राहत नाही.

दोन्ही रेकॉर्डिंग पाठोपाठ ऐकताना माझ्या लक्षात आलं ते मात्र कुठल्या अभ्यासात वाचलेलं नव्हतं. टेबलावरची मुलगी दोघींना आठवते. खांद्यावरची मुलगी कुणालाच आठवत नाही. तिने उंचावरून काय पाहिलं, पुकाऱ्यात स्वतःचं नाव ऐकलं तेव्हा तिला काय वाटलं, बहीण नाही हे तिला कळलं होतं का, यातलं एक अक्षर दोघींच्या बोलण्यात नाही. हरवलेली मुलगी सापडली. सुरक्षित होती ती मुलगी मात्र आठवणीतून गेली. माझी फिल्म तिच्याबद्दल आहे. कामचलाऊ नाव म्हणून मी वहीवर ‘खांद्यावरची मुलगी’ लिहिलं आणि आता तेच ठेवायचं म्हणते.

इथे तो पहिल्या पानावरचा नियम आडवा आला. एकीला दुसरीचं ऐकवायचं आणि तिचा चेहरा टिपायचा, असा प्रसंग करता आला असता. माझ्या दोन-तीन मित्रांना तो फिल्मचा कळस वाटला. मला ते पटेना. कॅमेरा चालू करून साठ वर्षांच्या बाईला धक्का द्यायचा आणि त्याला सत्य म्हणायचं, हे मी करणार नाही. म्हणून शूटिंगच्या कितीतरी आधी मी दोघींना, पुन्हा वेगवेगळं, सांगून टाकलं की दुसऱ्या मावशीही हेच सांगतात. दोघी शांत होत्या. लालबागच्या मावशी म्हणाल्या, ‘ती लहानपणापासून तसंच सांगते. सांगू दे.’ डोंबिवलीच्या म्हणाल्या, ‘तिला ते लागतं गं. मी तिच्यासमोर काढत नाही.’ म्हणजे जो स्फोट व्हायचा असं सगळ्यांना वाटत होतं तो त्यांनी कधीच निकामी करून ठेवला होता. फिल्मला यातून जास्तच मिळालं.

संमतीच्या कागदावर मी बराच वेळ घालवला आणि जुळ्यांवर काम करणाऱ्या प्रत्येकाने घालवावा असं माझं मत आहे. एकत्र विचारलंत तर एकच उत्तर मिळतं. लालबागच्या मावशींनी पहिल्याच भेटीत ‘आमची काही हरकत नाही’ म्हणून विषय संपवला होता. मी दोन कागद केले, साध्या मराठीत, आणि ज्याचा त्याचा कागद ज्याच्या त्याच्या घरी मोठ्याने वाचून दाखवला. शूटिंगआधी होकार, पहिलं एडिटिंग दाखवल्यावर पुन्हा होकार, लोकांना दाखवण्याआधी परत. दोघींपैकी एकीने कुठल्याही टप्प्यावर नाही म्हटलं तर फिल्म थांबेल. दुसरीचा होकार तिच्या नकाराची भरपाई करणार नाही. हे वाक्य घालू नकोस, कष्ट वाया जातील, असं एका वकील मैत्रिणीने बजावलं. मी घातलं. दुसरा अवघड भाग म्हणजे एकीने दुसरीबद्दल बोललेलं. ते कुणाच्या मालकीचं? ठरलं असं की ते आधी जिच्याबद्दल आहे तिला दाखवायचं, आणि पैसे, सुना, नातवंडं हे विषय फिल्मबाहेर ठेवायचे. या यादीत डोंबिवलीच्या मावशींनी स्वतःहून नवऱ्याच्या आजारपणाची भर घातली. मी कारण विचारलं नाही.

चौपाटीचा प्रसंग दाखवायचा कसा, यावर सर्वांत जास्त चर्चा झाली. दोन लहान मुली घेऊन तो उभा करावा असा विचार होता, आणि मी त्याचे नियमही वाचून काढले. चित्रपटात चौदा वर्षांखालचं मूल काम करणार असेल तर निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला पाच तासांवर काम नाही, सलग तीन तासांवर नाही, मिळणाऱ्या पैशांतले किमान २० टक्के मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवायचे, आणि मुलाच्या मनाविरुद्ध काहीही नाही. नियम चांगले आहेत आणि पाळणं कठीण नाही. तरी मी तो विचार सोडला. चित्र दाखवलं की वाद मिटतो. टेबलावर कुठलाही चेहरा उभा केला तरी प्रेक्षक तोच खरा मानणार, आणि भीती अशी की मावश्याही मानतील. १९९५ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांनी २४ जणांना त्यांच्या लहानपणीच्या घटना म्हणून काही गोष्टी सांगितल्या. त्यात एक बनावट होती, पाच-सहा वर्षांचे असताना मॉलमध्ये हरवल्याची. सुमारे पाव लोकांना ती थोडीफार आठवू लागली. नेमकी हरवण्याचीच गोष्ट! हे वाचल्यावर मी प्रश्नांची यादी पुन्हा लिहिली. ‘खांद्यावरून काय दिसत होतं?’ हा प्रश्न मला सर्वांत विचारावासा वाटतो, आणि तोच मी खोडला. तो विचारला तर उत्तर मिळेल, पण ते मी घडवलेलं असेल. ‘त्या दिवसाचं आणखी काय आठवतं?’ इतकंच विचारायचं आणि थांबायचं. मुलाखतीत गप्प राहणं हे आवाजवाल्यांना इतरांपेक्षा जास्त जमतं, कारण आमचं निम्मं काम तेच आहे.

म्हणून चौपाटी फक्त ऐकू येईल. विसर्जनाच्या रात्रीची गर्दी, समुद्र, पुकारे. यातही अडचणी आहेत. आजही तिथे हरवलेल्या मुलांची नावं पुकारली जातात. ती खऱ्या मुलांची नावं आहेत आणि ती माझ्या फिल्ममध्ये येता कामा नयेत. पुकारा नंतर वेगळा रेकॉर्ड करायचा, मावश्यांनी सांगितलेल्या शब्दांत. दुसरी अडचण गाण्यांची. मिरवणुकीत दर पन्नास पावलांवर एक रेकॉर्ड वाजते आणि प्रत्येक रेकॉर्डवर कुठल्या तरी कंपनीचा हक्क असतो. आरतीचे शब्द रामदासांचे, त्यावर कुणाचा दावा नाही. पण ज्या आवाजात आपण ती ऐकत मोठे झालो ते ध्वनिमुद्रण विकत घेतल्याशिवाय वापरता येत नाही. तेव्हा ढोल-ताशा, घोषणा आणि माणसांनी स्वतः म्हटलेली आरती एवढंच घ्यायचं आणि रेकॉर्डपासून लांब उभं राहायचं. विसर्जनाच्या दिवशी लांब म्हणजे कुठे, ते शोधायला मी माझ्या सहायकाला आधी पाठवणार आहे.

कॅमेऱ्याबाबतचा एक मुद्दा मात्र जुळ्यांवरच्या फिल्ममध्ये जीव की प्राण आहे: लाइन. दोन माणसं समोरासमोर बसली की त्यांच्यामध्ये एक काल्पनिक रेषा धरतात आणि कॅमेरा रेषेच्या एकाच बाजूला ठेवतात, म्हणजे डावीकडचा डावीकडेच राहतो. एरवी लाइन क्रॉस झाली तर प्रेक्षक क्षणभर गोंधळतो आणि चेहऱ्यावरून सावरतो. इथे सावरायला चेहरा नाही. कट झाला आणि बाजू बदलली की एकीचं बोलणं दुसरीच्या नावावर गेलं. म्हणून पूर्ण फिल्मभर लालबागच्या मावशी फ्रेममध्ये डावीकडे आणि डोंबिवलीच्या उजवीकडे. एकट्या असल्या तरी त्या त्या बाजूलाच, रिकामी जागा दुसरीकडे. कॅमेरामनला हे बंधन आधी जाचलं. मग त्याने २२५ चौरस फुटांत ट्रायपॉड, लाइट, दोन माणसं आणि देवघर कसं बसवायचं याचा नकाशा काढला आणि त्याच्या लक्षात आलं की तिथे भिंतीमुळे दुसऱ्या बाजूला जाताच येत नाही. वाइड लेन्स लावली तर खोली मोठी दिसते पण कडेचा चेहरा ताणला जातो. दोन सारख्या चेहऱ्यांतला एक ताणला तर बघणारा त्या फरकाला अर्थ लावत बसेल. तेव्हा ३५ मिलिमीटरपेक्षा वाइड लेन्स लावायची नाही. घरात ट्यूबलाइट आहे, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद, नाहीतर चित्र लुकलुकतं.

आवाजासाठी दोघींना वेगळे लेपल, म्हणजे कपड्यांना लावायचे छोटे माइक, आणि वेगळे ट्रॅक. एवढ्याशा खोलीत एकीचा आवाज दुसरीच्या माइकमध्ये शिरणारच, आणि सहा महिन्यांनी ऐकताना एडिटरला कोण बोललं ते कळणार नाही. म्हणून मुलाखती दोन घरांत वेगवेगळ्या आणि एकत्र बसणं एकदाच, फिल्मच्या शेवटाकडे. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला ज्या त्या मावशी स्वतःचं एकट्याचं नाव सांगतील. तालमीत सांगून पाहिलं तेव्हा लालबागच्या मावशींच्या तोंडून आधी दोन्ही नावं आली.

परवानग्यांचं थोडक्यात सांगते. सार्वजनिक जागांसाठी गोरेगावच्या चित्रनगरीतल्या महामंडळाची एक खिडकी योजना आहे, तिथे अर्ज केला आहे. लोकलमध्ये शूटिंग करायचं तर मध्य रेल्वेच्या जनसंपर्क विभागाकडे संहिता देऊन शुल्क भरावं लागतं. ते बजेटमध्ये बसेना म्हणून लोकल काढून टाकली. लालबाग आणि डोंबिवली यांच्यामधलं अंतर लालबागच्या मसाला कांडणाऱ्या डंकांच्या आणि डोंबिवलीच्या गॅलरीतल्या चिमण्यांच्या आवाजात येईल. फिल्म झाली तर मिफला पाठवायची इच्छा आहे. १९९० पासून मुंबईत भरणारा हा माहितीपटांचा महोत्सव बघतच आमच्यापैकी अनेकजण या कामात आले. आणि मुंबईत भारतीय माणसाने कॅमेऱ्याने टिपलेली पहिली घटनाही दोन माणसांचीच होती: १८९९ मध्ये हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी हँगिंग गार्डनला चित्रित केलेली कुस्ती. दोन देह एका फ्रेममध्ये, कोण वर कोण खाली. मला ही गोष्ट काम करताना वारंवार आठवते.

शेवटी, एका कल्पनेवर माझा फार जीव होता. पडदा काळा, आणि चौपाटीची गोष्ट दोघींच्या आवाजात, एक वाक्य हिचं, एक तिचं, असं विणलेलं, की कोण बोलतंय ते कळूच नये. दोन रेकॉर्डिंगमधून मी त्याचा नमुना तयार केला. खरं सांगते, इतकं सुंदर काही मी याआधी जोडलेलं नव्हतं. डोंबिवलीच्या मावशींनी ऐकलं आणि त्या हसल्या, त्यांना आवडलं. लालबागच्या मावशींनी हेडफोन काढून माझ्या हातात दिले. ‘छान आहे,’ म्हणाल्या, ‘पण यात मी कुठे आहे? जन्मभर लोकांनी आम्हाला असंच ऐकलं. तूही तेच करणार असशील तर साड्या सारख्या नेसवणाऱ्यात आणि तुझ्यात काय फरक?’ कॅमेरामनच्या साड्यांची गोष्ट मीच त्यांना सांगितली होती.

तो नमुना मी ठेवून दिला आहे, वापरणार नाही. आता आराखड्यात दोन्ही गोष्टी पूर्ण आहेत, एकामागून एक, चेहऱ्यासकट, न कापता. पहिली कुणाची, हा प्रश्न उरला होता, कारण जी आधी ऐकली जाते तीच प्रेक्षकाला मूळ वाटते आणि दुसरी नक्कल. मी हे दोघींपुढे ठेवलं. चिठ्ठी टाकू, असंही सुचवलं. चिठ्ठीची वेळ आली नाही. चौपाटीचं रेकॉर्डिंग अनंत चतुर्दशीला आहे आणि मुलाखती दिवाळीनंतर, हवा जरा थंड झाली की, कारण आवाजासाठी पंखा बंद ठेवावा लागतो आणि त्याआधी तो बंद करणं म्हणजे मावश्यांना शिक्षा. फिल्ममध्येही आणि शूटिंगमध्येही डोंबिवली आधी आहे. तसं लालबागच्या मावशींनी ठरवलं. ‘तिला आधी बोलू दे,’ त्या म्हणाल्या. ‘माझं आधी ऐकलंस की तू तिला माझ्यासारखंच विचारायला लागशील.’